घरच्या प्रिंटरवर पाठपोट छपाई: मागची पृष्ठे दर वेळी चुकीच्या क्रमाने किंवा उलटी का येतात?

दुखणे असे असते. दहा पृष्ठांची पीडीएफ आहे आणि प्रिंटर एका वेळी एकच बाजू छापणारा आहे. आधी 1, 3, 5, 7, 9 छापून घेतली, गठ्ठा परत ट्रेमध्ये ठेवला आणि 2, 4, 6, 8, 10 छापायला सांगितली. हातात आले ते असे: 9 च्या मागे 2, 7 च्या मागे 4. पुन्हा नव्या कागदांवर सुरुवात केली, या वेळी गठ्ठा उलटून ठेवला, तर 2 चा मजकूर थेट 1 च्या मजकुरावरच छापला गेला. पुढच्या खेपेला क्रम जमला, पण मागचा मजकूर खाली डोके वर पाय. शेवटी माणूस वैतागतो आणि एकतर्फी छापून मोकळा होतो. महिनाभराने पुन्हा गरज पडली की हीच कसरत पहिल्यापासून.

याचे कारण फाइलमध्ये क्वचितच असते. प्रिंटर कागद कोणत्या कडेने आत घेतो, कोणत्या बाजूला छापतो आणि बाहेर कसा टाकतो हे त्याच्या रचनेत ठरलेले असते. ते आज एक आणि उद्या दुसरे असे होत नाही. म्हणून ते एकदाच नीट तपासायचे, चिठ्ठीवर लिहून प्रिंटरला चिकटवायचे आणि त्याप्रमाणे कमांड कायमची बांधून टाकायची. दर वेळी अंदाजाने कागद फिरवत बसणे हाच मूळ आजार आहे.

पुढचे सगळे लिनक्ससाठी आहे. तिथे छपाईचा कारभार कप्स ही प्रणाली पाहते. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीप्रमाणे रोमन लहान अक्षरांत टाइप करा, चिन्हे आणि आकडे जसेच्या तसे ठेवा. ‘घर’ हे उदाहरणापुरते प्रिंटरचे नाव आहे, तिथे तुमच्या प्रिंटरचे नाव घाला. ‘पृष्ठ’ म्हणजे कागदाची एक बाजू आणि ‘कागद’ म्हणजे दोन्ही बाजू मिळून एक, एवढे लक्षात ठेवा, म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही.

प्रिंटर स्वतः पाठपोट छापतो का?

आश्चर्य वाटेल, पण हातानेच कागद उलटत बसलेल्या काही जणांचा प्रिंटर मुळात आपोआप पाठपोट छापणारा असतो. आधी प्रिंटरचे नेमके नाव काढा:

एलपीस्टॅट -पी -डी

मग त्याला कोणकोणते पर्याय आहेत ते विचारा:

एलपीऑप्शन्स -पी घर -एल

येणाऱ्या यादीत ‘डुप्लेक्स’ने सुरू होणारी ओळ शोधा. तिथे साधारण तीन किमती दिसतात: नन, नो-टंबल आणि टंबल. ज्या किमतीपुढे तारांकन आहे ती सध्याची. नो-टंबल म्हणजे पुस्तकासारखे, लांब कडेने उलटायचे. टंबल म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे, आखूड कडेने वर उलटायचे. ही ओळ असेल तर एवढेच पुरते:

एलपी -डी घर -ओ साइड्स=टू-साइडेड-लाँग-एज फाइल.पीडीएफ

आडव्या पृष्ठांच्या फाइलला, म्हणजे सादरीकरणाच्या स्लाइड किंवा रुंद तक्त्यांना, ‘लाँग-एज’च्या जागी ‘शॉर्ट-एज’ लिहा. आडव्या पृष्ठाची डावी कड ही कागदाची आखूड कड असते, आणि आपण टाचणी मारतो ती डावीकडे. स्लाइड्स पाठपोट काढल्यावर मागची बाजू उलटी आली अशी तक्रार असेल, तर दहात नऊ वेळा कारण हेच.

प्रिंटरच्या खोक्यावर पाठपोट छापतो असे लिहिले आहे, पण यादीत डुप्लेक्सची ओळ नाही किंवा निवडूनही एकाच बाजूला छापतो, असेही होते. काही ड्रायव्हरमध्ये पाठपोटाचा भाग ‘वेगळा बसवायचा सुटा भाग’ म्हणून नोंदवलेला असतो आणि तो ‘बसवलेला नाही’ अशीच मूळ नोंद असते. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, मग कोलन (विसर्गासारखे दिसणारे दोन टिंबांचे विरामचिन्ह), मग 631 असा पत्ता टाका. 631 हे छपाईच्या आयपीपी प्रोटोकॉलचे ठरलेले पोर्ट आहे आणि कप्सचे स्वतःचे पान तिथेच उघडते. तिथे आपला प्रिंटर निवडून मूळ पर्याय ठरवण्याच्या पानावर जा आणि बसवलेल्या भागांच्या यादीत डुप्लेक्सरवर ‘आहे’ अशी खूण करा. मग वरची एलपीऑप्शन्सची कमांड पुन्हा चालवून पाहा.

कागदाचा आकारही पाहून घ्या. परदेशातून आलेल्या, विशेषतः अमेरिकेत बनलेल्या पीडीएफ बहुधा लेटर आकाराच्या असतात: 215.9 बाय 279.4 मिलिमीटर. आपल्या ट्रेमध्ये असतो ए4, म्हणजे 210 बाय 297. या तफावतीमुळे काही प्रिंटर दुसरा कागद मागत अडून बसतात, तर काही पाठपोट सोडून निमूटपणे एकतर्फी छापतात. पीडीएफइन्फो फाइल.पीडीएफ ही कमांड पृष्ठांची संख्या आणि आकार दोन्ही सांगते. आकारापुढे 612 बाय 792 पॉइंट दिसले तर ती लेटर. ए4 साठी साधारण 595 बाय 842 दिसते. लेटर असेल तर छापताना -ओ मीडिया=ए4 -ओ फिट-टू-पेज असे जोडा. कागदाचा प्रकार ‘जाड’ किंवा ‘फोटो’ निवडलेला असेल तर पुष्कळ प्रिंटर पाठपोट करतच नाहीत, म्हणून तो साधा ठेवा.

जुनी सेटिंग मागे लागली असेल तर

कालपर्यंत नीट छापणारा प्रिंटर आज प्रत्येक फाइलची फक्त सम पृष्ठे छापतो, किंवा एकपानी पत्रसुद्धा पाठपोटाच्या फेऱ्यातून काढतो. अशा वेळी एलपीऑप्शन्सने कधी तरी जपून ठेवलेला पर्याय शोधा. सामान्य वापरकर्ता म्हणून चालवलेल्या कमांडचे पर्याय तुमच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या कप्स फोल्डरात साठतात आणि पुढच्या प्रत्येक कामाला लागू होतात. सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, तीच कमांड चालवली असेल तर ते संगणकावरच्या सगळ्यांना लागू होतात, म्हणून सुडो लावू नका. काय साठले आहे ते पाहायला:

एलपीऑप्शन्स -पी घर

नको तो पर्याय काढायला (इथे पेज-सेट, म्हणजे फक्त सम किंवा फक्त विषम पृष्ठे छापण्याचा पर्याय):

एलपीऑप्शन्स -पी घर -आर पेज-सेट

पाठपोटाचे पर्याय मूळ नावावर साठवूच नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा त्याच प्रिंटरला दुसरे नाव द्या. तिरकी रेघ देऊन पुढे हवा तो शब्द लिहिला की कप्स त्या नावाखाली वेगळे पर्याय जपून ठेवते:

एलपीऑप्शन्स -पी घर/पाठपोट -ओ साइड्स=टू-साइडेड-लाँग-एज

आता एलपी -डी घर म्हटले की एकतर्फी आणि एलपी -डी घर/पाठपोट म्हटले की दुतर्फी. घरात दुसरे कोणी तोच संगणक वापरत असेल तर ही सोय फार मोलाची आहे.

आणखी एका जागी बरेच जण अडकतात. कप्समध्ये छापायच्या दोन कमांड आहेत, एलपी आणि एलपीआर. पहिली सिस्टीम फाइव्ह युनिक्सकडून आली, दुसरी बर्कलेकडून, आणि दोन्हींच्या सवयी वेगळ्या. एलपीआरमध्ये मोठा ‘पी’ म्हणजे प्रिंटरचे नाव. एलपीमध्ये मोठा ‘पी’ म्हणजे पृष्ठांची यादी, आणि प्रिंटरसाठी लहान ‘डी’. प्रतींसाठी एलपीमध्ये ‘एन’ आणि एलपीआरमध्ये हॅश चिन्ह. कुठून तरी उचललेली अर्धी कमांड एलपीची आणि अर्धी एलपीआरची असेल तर काय वाटेल ते होते. एकच धरा. मी एलपी धरतो.

हाताने पाठपोट: आधी पेन्सिलची चाचणी

डुप्लेक्सची ओळच नसेल तर हाताने करायचे. इथेच सगळे घोळ होतात, म्हणून इथे वेळ काढा.

एक कोरा कागद घ्या. ट्रेमध्ये ठेवल्यावर जी बाजू तुम्हाला दिसते तिच्यावर पेन्सिलने मोठा बाण काढा, आणि बाणाचे टोक कागद ज्या दिशेने प्रिंटरच्या आत शिरतो त्या दिशेला ठेवा. ट्रेमध्ये हा एकच कागद ठेवून कुठल्याही फाइलचे एक उभे पृष्ठ छापा. कागद बाहेर आला की हात लावण्याआधी पाहा: छापील बाजू वर आहे की खाली? मग उचला आणि पाहा: छपाई बाणाच्या बाजूला झाली की कोऱ्या बाजूला? आणि बाणाचे टोक मजकुराच्या डोक्याकडे आहे की पायाकडे?

तीन उत्तरे. ती चिठ्ठीवर लिहा. या प्रिंटरसाठी हा प्रश्न कायमचा सुटला.

आता त्या उत्तरांचा अर्थ. दोन क्रिया वेगळ्या ओळखायच्या: ‘उलटणे’ आणि ‘फिरवणे’. उलटणे म्हणजे गठ्ठ्याची वरची बाजू खाली करणे. फिरवणे म्हणजे वरची बाजू वरच ठेवून टेबलावरच्या टेबलावर अर्धा फेरा देणे. उलटल्याने बाजूही बदलते आणि कागदांचा क्रमही बदलतो. फिरवल्याने यातले काहीच बदलत नाही, फक्त डोके कुठे आणि पाय कुठे ते बदलते. लोक या दोन क्रिया एकत्र करून टाकतात, म्हणून एक चूक दुरुस्त करताना दुसरी होते.

गठ्ठा उलटायचा की नाही, हे चाचणीच्या पहिल्या दोन उत्तरांवरून ठरते. दुसऱ्या फेरीत, जिथे छपाई होते त्या बाजूला कोरी बाजू आली पाहिजे. छपाई बाणावर, म्हणजे ट्रेमध्ये दिसणाऱ्या बाजूवर झाली आणि कागद छापील बाजू खाली करून बाहेर आला, तर तो तसाच उचलून ठेवायचा, उलटायचा नाही. समोरच्या ट्रेमधून कागद घेणारे आणि डोक्यावर टाकणारे घरगुती लेझर प्रिंटर बहुधा या जातीचे. छपाई बाणाच्या मागच्या बाजूला झाली आणि कागद छापील बाजू वर करून आला, तरीही उलटायचा नाही. खालच्या ट्रेमधून कागद घेऊन आत वळवून समोरच टाकणारे इंकजेट असे असतात. पण छपाई बाणावर झाली आणि कागद छापील बाजू वर करूनच आला, तर गठ्ठा उलटावाच लागतो. मागच्या उभ्या ट्रेमधून कागद घेऊन सरळ समोर टाकणारे शाईच्या टाकीचे प्रिंटर या प्रकारचे. अशा प्रिंटरांनी अलीकडे घरोघरी जागा मिळवली आहे, म्हणून लेझरसाठी लिहिलेली जुनी कृती त्यांना लागू पडत नाही.

क्रमाचा नियम याच्यातूनच निघतो, आणि तो पाठ करण्याजोगा आहे: गठ्ठा न उलटता ठेवला तर सम पृष्ठे उलट्या क्रमाने छापा, गठ्ठा उलटून ठेवला तर सरळ क्रमाने. का, ते पाहा. विषम पृष्ठे सरळ क्रमाने छापली की शेवटचा कागद गठ्ठ्याच्या वर असतो. तसाच ठेवला तर प्रिंटर आधी तोच ओढतो, म्हणून त्याच्या मागचे पृष्ठ, दहाचे उदाहरण घेतले तर 10, आधी यायला हवे. गठ्ठा उलटला की 1 चा कागद वर येतो, म्हणून 2 आधी. वर सांगितलेला 9 च्या मागे 2 चा प्रकार म्हणजे गठ्ठा तसाच ठेवला पण क्रम सरळ दिला, एवढीच चूक.

उरला डोक्याचा प्रश्न. उभ्या पृष्ठांना पुस्तकासारखे पाठपोट हवे असेल तर दुसऱ्या फेरीतही तीच कड आधी आत गेली पाहिजे जी पहिल्या फेरीत गेली होती. बाणाचे टोक मजकुराच्या डोक्याकडे असेल तर चिठ्ठीवर लिहा ‘डोके आधी’; पायाकडे असेल तर ‘पाय आधी’. गठ्ठा ठेवताना तेवढे पाहायचे. लेझर प्रिंटरमध्ये कागद आत वळून पुन्हा तुमच्याकडे येतो, म्हणून वरचा गठ्ठा उचलून खालच्या ट्रेमध्ये नेताना तो बहुतेक वेळा फिरवावा लागतो. न फिरवता ठेवला की मागचे पृष्ठ खाली डोके वर पाय येते. आडव्या पृष्ठांना डावीकडे टाचायचे असेल तर याच्या बरोबर उलट: नेहमी जी कड आधी घालता तिच्या समोरची कड आधी घाला.

आता कमांड. गठ्ठा न उलटणाऱ्या प्रिंटरसाठी पहिली फेरी:

एलपी -डी घर -ओ साइड्स=वन-साइडेड -ओ आउटपुटऑर्डर=नॉर्मल -ओ पेज-सेट=ऑड फाइल.पीडीएफ

सगळे कागद बाहेर येऊ द्या, गठ्ठा चिठ्ठीप्रमाणे ठेवा, मग दुसरी:

एलपी -डी घर -ओ साइड्स=वन-साइडेड -ओ आउटपुटऑर्डर=रिव्हर्स -ओ पेज-सेट=इव्हन फाइल.पीडीएफ

उलटाव्या लागणाऱ्या प्रिंटरसाठी दुसऱ्या ओळीतही ‘नॉर्मल’.

‘वन-साइडेड’ आणि ‘नॉर्मल’ मुद्दाम लिहायला सांगतो आहे, ते गाळू नका. कुठे तरी पाठपोट मूळ पर्याय म्हणून साठलेले असेल तर विषम पृष्ठेच एकमेकांच्या पाठीवर छापली जातील, 1 च्या मागे 3. आणि छापील बाजू वर करून कागद टाकणाऱ्या काही प्रिंटरांच्या ड्रायव्हरमध्ये ‘उलट्या क्रमाने छापा’ अशी सूचना आधीच असते, कारण तसे केले तर तयार गठ्ठा नीट लागतो. तुम्ही न सांगताही 9, 7, 5, 3, 1 असे छापले जाते आणि वरचा सगळा हिशेब फिरतो. एकाची कृती दुसऱ्याच्या प्रिंटरवर चालत नाही, त्यामागे हे कारण पुष्कळदा असते.

विषम संख्येची पृष्ठे

अकरा पृष्ठांची फाइल घ्या. विषम पृष्ठे सहा, सम पाच. गठ्ठा न उलटता आणि उलट्या क्रमाने छापले की प्रिंटर आधी 11 चा कागद ओढतो आणि त्याच्या मागे 10 छापतो. मग 9 च्या मागे 8, आणि अशी सगळी फाइल एका कागदाने सरकते. उलटून ठेवणाऱ्या प्रिंटरवर क्रम बरोबर येतो, पण 11 चा कागद ट्रेमध्ये तसाच राहतो आणि पुढचे कोणाचे तरी पत्र त्याच्या पाठीवर छापले जाते.

शेवटचा कागद हाताने काढून घेता येतो, पण हे लक्षात राहत नाही, आणि अनेक प्रती काढायच्या असतील तर शक्यही नाही. फाइललाच शेवटी एक कोरे पृष्ठ जोडा. लिब्रेऑफिसमध्ये नवा रिकामा ए4 दस्तऐवज उघडून तो पीडीएफ म्हणून निर्यात केला की कोरे पृष्ठ तयार. ते कायमचे जपून ठेवा. जोडण्यासाठी क्यूपीडीएफ हे साधन लागते. डेबियन-उबुंटूत सुडो एपीटी इन्स्टॉल क्यूपीडीएफ पॉपलर-युटिल्स म्हटले की तेही येते आणि पीडीएफइन्फोही.

क्यूपीडीएफ --शो-एनपेजेस फाइल.पीडीएफ

ही कमांड फक्त पृष्ठांची संख्या देते. ती विषम असेल तर:

क्यूपीडीएफ फाइल.पीडीएफ --पेजेस . 1-झेड कोरे.पीडीएफ 1 -- जोड.पीडीएफ

‘झेड’ म्हणजे शेवटचे पृष्ठ आणि टिंब म्हणजे आधी दिलेली तीच फाइल.

कायमची सोय

क्यूपीडीएफ आलेच आहे तर सम-विषम वेगळे करण्याचे कामही त्याच्याकडेच द्या. माझी पसंती याच मार्गाला आहे. पेज-सेट हा पर्याय कप्सच्या फिल्टरवर अवलंबून असतो आणि आत काय झाले ते कागद बाहेर आल्यावरच कळते. क्यूपीडीएफने केलेल्या फाइली मात्र छापण्याआधी उघडून डोळ्यांनी पाहता येतात. स्क्रिप्टचा, म्हणजे एका फाइलीत ओळीने लिहून ठेवलेल्या कमांडचा, गाभा एवढाच ("$1" म्हणजे स्क्रिप्ट चालवताना तिला दिलेली पीडीएफ):

क्यूपीडीएफ "$1" --पेजेस . 1-झेड:ऑड -- विषम.पीडीएफ
क्यूपीडीएफ "$1" --पेजेस . 1-झेड:इव्हन -- सम.पीडीएफ
क्यूपीडीएफ सम.पीडीएफ --पेजेस . झेड-1 -- समउलट.पीडीएफ
एलपी -डी घर -ओ साइड्स=वन-साइडेड -ओ आउटपुटऑर्डर=नॉर्मल विषम.पीडीएफ
रीड -पी "गठ्ठा न उलटता, फिरवून ठेवा. मग एंटर दाबा: "
एलपी -डी घर -ओ साइड्स=वन-साइडेड -ओ आउटपुटऑर्डर=नॉर्मल समउलट.पीडीएफ

उलटाव्या लागणाऱ्या प्रिंटरसाठी तिसरी ओळ नको, आणि शेवटच्या ओळीत थेट सम.पीडीएफ. रीडच्या ओळीत तुमच्या चिठ्ठीवरचे शब्द लिहा, आईला किंवा मुलांना वाचून कळतील असे. ती ओळ गाळून चालणार नाही, कारण एलपी कमांड काम रांगेत टाकून लगेच परत येते. ती परत आली म्हणजे छपाई संपली असे नव्हे. थांबा नसेल तर सम पृष्ठे कोऱ्या कागदांवरच छापली जातील. रांगेत अजून काही आहे का ते एलपीस्टॅट -ओ सांगते, आणि सगळे रद्द करायला कॅन्सल -ए घर.

तिसरी ओळ वाचवायचा मोह होतो: सम पृष्ठे आणि उलटा क्रम एकाच दमात, झेड-1:इव्हन असे लिहून. तसे करू नका. क्यूपीडीएफमध्ये ऑड आणि इव्हन हे पृष्ठाच्या क्रमांकावर ठरत नाहीत, तर दिलेल्या यादीतल्या जागेवर ठरतात. आठ पृष्ठांची यादी उलटी केली की 8, 7, 6, 5, 4, 3, 2, 1. त्यातल्या सम जागांवर बसतात 7, 5, 3, 1. म्हणजे मागितली सम पृष्ठे आणि मिळाली विषम. सात पृष्ठांच्या फाइलला मात्र तीच कमांड 6, 4, 2 असे अगदी बरोबर उत्तर देते. म्हणून हा दोष कधी दिसतो आणि कधी दिसत नाही, आणि शोधणारा हैराण होतो. आधी सम वेगळी करा, मग ती उलटा. हा मार्ग कुठल्याही संख्येला चालतो.

मराठी मजकुराबद्दल एक सूचना. साधी टेक्स्ट फाइल एलपीला थेट देऊ नका, देवनागरीतली जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट जुळून येतील याचा भरवसा नसतो. आधी लिब्रेऑफिसकडून पीडीएफ करून घ्या: सॉफिस --हेडलेस --कन्व्हर्ट-टू पीडीएफ फाइल.ओडीटी. पीडीएफमध्ये जे दिसते तेच कागदावर येते, आणि पृष्ठसंख्याही आधीच कळते.

कागद साथ देत नसेल तर

कमांड अचूक असूनही दुसऱ्या फेरीत दोन कागद एकदम ओढले गेले की तिथून पुढचे सगळे चुकते. उलट्या क्रमात छापताना हे मधेच झाले तर शेवटपर्यंत कळतही नाही. हाताच्या पाठपोटातला हा खरा धोका आहे, आणि त्यावर कमांडमध्ये उपाय नाही.

लेझर प्रिंटर टोनर वितळवून कागदावर बसवतो, त्यासाठी कागद तापलेल्या रुळांतून जातो. बाहेर येतो तेव्हा तो गरम आणि कडांनी वळलेला असतो. लगेच परत घातला की अडकतो. गठ्ठा थंड होऊ द्या, वळलेल्या बाजूच्या उलट हलकेच वाकवून सपाट करा, कडेने फुलवून कागद सुटे करा, मग चारही कडा टेबलावर ठोकून सारख्या करा. शाईच्या प्रिंटरवर शाई वाळायला वेळ द्या. चित्रे किंवा गडद रकाने असतील तर जास्तच. नाहीतर छापील बाजू रुळांना रंग लावते आणि तो रंग पुढच्या कागदांवर उमटतो.

पावसाळ्यात, त्यातही कोकणात आणि मुंबईत, उघडी रिम हवेतला ओलावा शोषून घेते आणि कागद एकमेकांना चिकटतात. रिमचे वेष्टन ओलावा अडवण्यासाठीच असते, ते फाडून फेकू नका. लागतील तेवढेच कागद काढा आणि तोंड दुमडून ठेवा. रात्रभर ट्रेमध्ये राहिलेला गठ्ठा सकाळी पाठपोटासाठी वापरू नका, एकतर्फी कामाला चालेल. कागद 70 जीएसएमचा असेल तर शाईच्या छपाईत मागचे पुढे दिसते. 80 चा वापरला तर वाचणाऱ्याचे डोळे दुवा देतील.

शाळेच्या चाचणीच्या तीस प्रती किंवा सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त अशी मोठी कामे एका दमात करू नका. आधी एकच प्रत दोन्ही फेऱ्यांतून काढून वाचून पाहा. मग पाच-सहा प्रतींच्या टप्प्यांनी, स्क्रिप्टमधल्या दोन्ही एलपी ओळींत -एन 5 असे जोडून. एका टप्प्यात गडबड झाली तरी तेवढेच कागद वाया जातात. पृष्ठसंख्या सम असेल तर प्रती एकेक संच करून निघोत की एकेका पृष्ठाच्या, दोन्ही फेऱ्यांत पद्धत एकच असली म्हणजे पाठपोट जुळते.

आणि कागद दुसऱ्या फेरीत मधेच अडकला तर? आधी कॅन्सल -ए घर, नाहीतर अडकलेला कागद काढल्याबरोबर प्रिंटर पुढचे छापत सुटेल. मग नीट छापून झालेले कागद बाजूला काढा आणि शेवटचे बरोबर पृष्ठ कोणते ते पाहा. समजा वीस पृष्ठांच्या फाइलमध्ये उलट्या क्रमाने 20, 18, 16, 14 झाली आणि 12 फाटले. फाटलेल्या कागदाच्या पुढच्या बाजूला 11 होते. म्हणून 11 एका नव्या कागदावर छापा आणि तो कागद ट्रेमधल्या उरलेल्या गठ्ठ्यावर सगळ्यात वर ठेवा, बाकीच्यांसारखाच, तीच बाजू आणि तीच कड. मग समउलट फाइलमधली पहिली चार पृष्ठे वगळून उरलेली द्या:

एलपी -डी घर -ओ साइड्स=वन-साइडेड -ओ आउटपुटऑर्डर=नॉर्मल -ओ पेज-रेंजेस=5-10 समउलट.पीडीएफ

इथे 5 आणि 10 हे समउलट फाइलमधले क्रमांक आहेत, मूळ फाइलमधले नव्हेत. एंटर दाबण्याआधी ती फाइल उघडून पाचव्या जागी 12 आहे ना, एवढे पाहून घ्या.